भूक मोजायची तर पोळ्याच्या आधी या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

दरवर्षी ऑक्टोबर आला की एक बातमी येते, जागतिक भूक निर्देशांकात भारत कितवा. २०२५ ला १२३ देशांत १०२ वा, त्याच्या आदल्या वर्षी १२७ मध्ये १०५ वा. मग दोन दिवस व्हॉट्सअॅपवर भांडणं चालतात, एक गट म्हणतो देशाची बदनामी आहे, दुसरा म्हणतो बघा काय हाल झालेत, तिसऱ्या दिवशी सोयाबीनच्या भावाची बातमी येते आणि विषय पुढच्या ऑक्टोबरपर्यंत बंद. मला त्या भांडणात कोणाची बाजू घ्यायची नाही. मला एवढंच सांगायचंय की हा आकडा बनतो कसा, कारण त्यातला एक तुकडा आमच्यासारख्या गावात बनतो आणि तो बनताना मी जवळून बघतो.

मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात सेतू केंद्र चालवतो. रेशन कार्डात नाव चढवणं, कमी करणं, केवायसी, आधार लिंक, जन्माचे दाखले, सगळी कामं माझ्याच टेबलावर येतात. अंगणवाडीच्या ताईंचा मोबाईल अडला तरी त्या इकडेच येतात, कारण गावात नेटवर्क जरा बरं धरतं ते माझ्या दुकानासमोरच. त्यामुळे कोणाचं नाव कुठल्या यादीत आहे, कोणाचं कुठेच नाही, कोणत्या लेकराचं वजन कधी भरलं, हे न विचारता समोर येत राहतं.

आधी त्या निर्देशांकाचं बोलतो. त्यात चार गोष्टी असतात. पुरेसे उष्मांक न मिळणारे लोक किती, पाच वर्षांखालची वयाच्या मानाने बुटकी राहिलेली लेकरं किती, उंचीच्या मानाने वाळलेली किती, आणि पाच वर्षांच्या आत दगावणारी किती. आपल्या सरकारने २०२२ आणि २०२३ ला यावर आक्षेप घेतला की चारपैकी तीन गोष्टी लेकरांच्याच आहेत मग त्यावरून सगळ्या देशाची भूक कशी ठरवता, आणि चौथी गोष्ट फक्त ३००० लोकांना विचारून काढलेली आहे. पहिल्या आक्षेपात मला दम वाटतो. आमच्या गावात सगळ्यात जास्त उपाशी कोण राहतं ते विचारा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया, ज्यांची पोरं पुण्याला नाहीतर सुरतला गेलीत, त्या या निर्देशांकात दिसतच नाहीत कारण त्यांची उंची-वजन कोणी मोजत नाही. दुसरा आक्षेप मात्र बरोबर नाही. तो ३००० लोकांचा सर्व्हे वेगळा आहे, निर्देशांकात वापरतात तो संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे आणि तो देशाच्या धान्याच्या हिशोबावरून निघतो.

हा हिशोब कसा असतो ते समजून घेण्यासारखं आहे. देशात पिकलं किती, बाहेरून आलं किती, बाहेर गेलं किती, गोदामात पडलं किती, बियाण्याला आणि जनावरांना गेलं किती, नासलं किती, उरलेलं भागिले लोकसंख्या. म्हणजे माणशी सरासरी उष्मांक निघाले. मग ते गरिबांत आणि श्रीमंतांत कसे वाटले गेले असतील याचा अंदाज घरखर्चाच्या पाहणीवरून लावायचा आणि ज्यांच्या वाट्याला कमीत कमी गरजेपेक्षाही कमी येतं ते कुपोषित धरायचे. आता गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे, की आपल्याकडे घरखर्चाची पाहणी झाली २०११-१२ ला आणि पुढची २०१७-१८ ला झाली पण आकडेवारीचा दर्जा बरोबर नाही म्हणून सरकारने ती जाहीरच केली नाही. त्यानंतरची पाहणी थेट २०२२-२३ ची. मधली दहा वर्षं, ज्यात नोटबंदी झाली, कोरोना झाला, आमच्याकडे बोंडअळीने कापूस खाल्ला, त्या सगळ्या काळात ताटातलं वाटप कसं बदललं हे जुन्याच पाहणीवर भागवून चाललं होतं. २०२४ च्या निर्देशांकात कुपोषित माणसांचा हा आकडा होता १३.७ टक्के. नवीन पाहणी हिशोबात घेतल्यावर अन्न व कृषी संघटनेच्या २०२५ च्या अहवालात भारताचा आकडा आला १२ टक्के, म्हणजे १७ कोटी २० लाख माणसं. आता या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करून कोणी म्हणालं एका वर्षात एवढी भूक कमी झाली तर ते चुकीचं आहे, कारण मापच बदललंय. तेच त्या १०५ आणि १०२ चं, देशांची संख्या बदलते, मागची माहिती सुधारली जाते, म्हणून निर्देशांक काढणारे स्वतःच सांगतात की एका वर्षाचा नंबर दुसऱ्या वर्षाच्या नंबराशी जुळवू नका. पण बातमी तर तेवढीच छापून येते साहेब, तुमच्याही पेपरात.

सरासरीचं दुखणं शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. मंडळातलं पर्जन्यमापक म्हणतं १०० टक्के पाऊस झाला, आणि मधल्या तीन आठवड्यांच्या खंडात सोयाबीन फुलावर असताना जळून गेलेलं असतं. वर्षाचे उष्मांक भागिले ३६५ केले की आखाड दिसत नाही.

आणि आमच्याकडची भूक आखाडातच असते. हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं म्हणून लिहितो. दिवाळीपासून कापसाची वेचणी सुरू होते, घरात रोज दोघं-तिघं कमावतात, बाजारातून तेल येतं, मासळी येते, आठवड्यातून एकदा कोंबडी पण होते. मग तूर, हरभरा. मार्च-एप्रिलमध्ये जंगलालगतच्या लोकांना मोह, मे मध्ये तेंदूपत्ता. जून लागला की जवळचा सगळा पैसा बियाण्यात, खतात आणि पोरांच्या शाळेच्या वह्या-पुस्तकात जातो. त्यानंतर निंदण मिळेल तेवढीच मजुरी, पाऊस लागून राहिला की तीही नाही, उधारी बंद, आणि हे चालतं पोळ्यापर्यंत. या दिवसात कंट्रोलचा, म्हणजे रेशनचा, तांदूळ असतो घरात, मी नाही म्हणत नाही, माणशी ५ किलो फुकट मिळतं आणि त्याने खरोखर माणसं जगली, कोरोनात तर नक्कीच. पण ५ किलो म्हणजे दिवसाला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम, शेतात राबणाऱ्या माणसाचं एका वेळचंही नीट होत नाही. उरलेलं विकत घ्यायचं तर हातात काही नसतं. डाळ पातळ होत होत पाणी होते, भाजी म्हणजे रानातला तरोटा नाहीतर अंबाडी, तेल फोडणीपुरतं. लहान लेकरू त्या भातावर किती वाढणार. आणि हेच दिवस हगवणीचे आणि मलेरियाचे, म्हणजे जे खाल्लं तेही अंगाला लागत नाही.

वर सांगितलेला ३००० लोकांचा तो आठ प्रश्नांचा सर्व्हे म्हणतात ना, अन्नाची चणचण मोजायचा, ते प्रश्न मी नेटवर वाचले. मला ते फार साधे आणि चांगले वाटले. अन्न पुरणार नाही याची काळजी वाटली का, पौष्टिक खाता आलं नाही असं झालं का, त्याच त्या दोन गोष्टी खाव्या लागल्या का, एखादं जेवण चुकवलं का, पोटापेक्षा कमी खाल्लं का, घरातलं संपलं का, भूक असून खाल्लं नाही असं झालं का, दिवसभर काहीच खाल्लं नाही असं झालं का. मागच्या १२ महिन्यांचं विचारतात. केवायसीसाठी बाया रांगेत बसल्या होत्या, सर्व्हर बंद होतं, मी सहज हे प्रश्न वाचून दाखवले. एक वयस्क काकू म्हणाल्या, "भाऊ, कोणत्या महिन्याचं विचारून रायले तुमी? वेचणीत विचाराल त मी म्हणीन पोटभर जेवतो. आखाडात या, मंग सांगतो." बाकीच्या बाया लगेच बोलायला लागल्या, एकीने सांगितलं की ती लेकरांना आधी वाढते आणि स्वतः नुसतं भाताचं पाणी मीठ घालून पिते, शेजारणीला माहीत नव्हतं, त्या दोघी भिंतीला भिंत लागून राहतात. असं बोलणं कॅलरीच्या हिशोबात येणार नाही. ३००० लोकांचा नमुना १४० कोटींच्या देशाला कमीच आहे हे मलाही पटतं, पण मग नमुना वाढवा ना, प्रश्न कशाला फेकून देता. आपल्याच सरकारी पाहणीत हे आठ प्रश्न टाका, लाखो घरांना विचारा, आणि विचारायचा महिना लिहून ठेवा.

आता दुसरा आकडा, ज्याला आपण स्वतः काढतो. २०१५ मध्ये १९३ देशांनी मिळून ठरवलं की २०३० पर्यंत भूक शून्य. त्यातली आपली प्रगती नीती आयोग गुण देऊन मोजतं, २०१८ ला सगळ्या उद्दिष्टांचे मिळून देशाला ५७ गुण होते ते २०२३-२४ ला ७१ झाले. चांगलं आहे. पण भुकेच्या उद्दिष्टात काय काय मोजतात ते बघा. लेकरांची उंची आणि वजन आहे, गरोदर बायांचं रक्त आहे, ते ठीक. पण त्यातच हेक्टरी गहू-तांदूळ किती पिकला हे आहे, आणि अन्नसुरक्षा कायद्याखाली किती लाभार्थी आले हेही आहे. यवतमाळात कापूस, तूर, सोयाबीन पिकतं, हेक्टरी तांदूळ वाढला याचा आमच्या चुलीशी काय संबंध. आणि लाभार्थ्यांचा आकडा जवळजवळ १०० टक्के असतो, तो असणारच, कारण तो कोट्याच्या तुलनेत काढलाय. कोटा ठरलाय २०११ च्या जनगणनेवर, ग्रामीण ७५ टक्के, शहरी ५० टक्के, एकूण ८१ कोटी ३५ लाख. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता ती २०२७ ला होतेय. अर्थतज्ज्ञ जाँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी २०२० मध्येच हिशोब मांडला होता की नुसती वाढलेली लोकसंख्या धरली तर १० कोटींच्या वर माणसं रेशनच्या बाहेर आहेत. माझ्याकडे नवीन लग्न झालेली जोडपी येतात, वेगळं कार्ड पाहिजे म्हणून, बाळाचं नाव चढवायचं म्हणून, आणि बरेचदा एकच उत्तर मिळतं की इष्टांक, म्हणजे ठरलेला कोटा, संपलाय. त्या बाळाचं पोट भरलं नाही तरी वरती १०० टक्केच दिसणार.

आमच्या भागाचं अजून एक. आत्महत्याग्रस्त १४ जिल्हे, म्हणजे मराठवाड्याचे ८ आणि विदर्भाचे ६, यातल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होतं. २०२३ ला ते बंद करून त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यात द्यायचं ठरलं, नंतर ते १७० झाले. पैसे द्यायला माझा विरोध नाही, काही घरांना सोयीचंही पडतं. पण त्या पैशाचं त्या घरात धान्यच आलं का, की बँकेने जुन्या कर्जात वळते केले, की मोटरचं बिल गेलं, हे कोण बघतंय. धान्य देत होते तोवर निदान दुकानातून उचललं किती हे तरी दिसायचं. आता त्या घराच्या जेवणाचा कुठलाच आकडा निघत नाही. आणि ही तीच घरं आहेत ज्यांच्याकडे दोन-तीन एकर कोरडवाहू आहे, म्हणून ते कागदावर गरीब नाहीत.

अंगणवाडीकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त इथेच बोलायचंय.

मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर नावाचं अॅप आहे, देशभरातल्या अंगणवाड्यांत दर महिन्याला लेकरांची उंची-वजन त्यात भरतात. कल्पना खरंच मोठी आहे, जगात कुठे आठ-नऊ कोटी लेकरांची दर महिन्याची नोंद ठेवत असतील असं मला वाटत नाही. २०२३ ला सरकारने याच अॅपच्या जोरावर सांगितलं की निर्देशांकात आमची १८.७ टक्के लेकरं वाळलेली दाखवलीत, आमच्या नोंदीत तर हे प्रमाण दर महिन्याला ७.२ टक्क्यांच्या खालीच आहे. दोन आकड्यांत अडीचपट फरक. आता कोणता खरा? मी एक साधी गोष्ट केली, दोन्हीकडचे तीनही आकडे शेजारी शेजारी लिहिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९-२१, तिच्यात बुटकी लेकरं ३५.५ टक्के, वयाच्या मानाने कमी वजनाची ३२.१, वाळलेली १९.३. अॅपचे फेब्रुवारी २०२४ चे संसदेत सांगितलेले आकडे, बुटकी ३६, कमी वजनाची १७, वाळलेली ६. म्हणजे उंचीचं दोन्हीकडे जुळतंय, वजन जिथे आलं तिथे निम्म्यावर आणि तिसऱ्या हिश्श्यावर. खरोखर सुधारणा झाली असेल तर मला आनंदच आहे, चार वर्षांत वजन लवकर सुधारतं आणि उंचीला वेळ लागतो हेही बरोबर. सर्वेक्षण घरोघरी जातं आणि अॅपमध्ये अंगणवाडीत नाव असलेलीच लेकरं येतात हाही फरक आहे. पण अजून एक कारण आहे ते गावात सगळ्यांना माहीत आहे.

लेकरू बुटकं निघालं तर ताईंना कोणी काही म्हणत नाही. लेकरू वाळलेलं निघालं, तेही तीव्र, तर लगेच कामाला लागावं लागतं. ग्राम बाल विकास केंद्रात घ्या, दिवसातून कितीतरी वेळा खाऊ घाला, दवाखान्यात न्या, तालुक्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस भरती करा, आईची मजुरी बुडते म्हणून ती तयार नसते, घरी दुसरी लेकरं, नवरा नाही म्हणतो, आणि या सगळ्याचा जाब ताईंना. मीटिंगमध्ये उभं करून विचारतात तुमच्याच केंद्रात लाल, म्हणजे तीव्र कुपोषित, कसे वाढले. म्हणजे जी बाई प्रामाणिकपणे काटा वाचते तिलाच बोलणी. आता तुम्हीच सांगा, ११ किलो ४०० चं ११ किलो ६०० लिहिलं तर कोणाचं काय जातं, असं वाटायला किती वेळ लागेल. मी कोणा ताईंना दोष देत नाही आहे, उलट त्या तुटपुंज्या मानधनावर आहार शिजवतात, लसीकरणाला बाया गोळा करतात, निवडणुकीची कामं करतात, २०२१ मध्ये राज्यभर त्यांनी ते खराब मोबाईल परत केले होते, अॅप इंग्रजीत होतं म्हणून त्यांना कोर्टापर्यंत जावं लागलं. आता जुलै २०२५ पासून घरपोच आहार द्यायला चेहरा स्कॅन करणं सक्तीचं झालंय, जिथे नेटवर्क नाही त्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, एका आईचा चेहरा जुळेपर्यंत जो वेळ जातो तो लेकराला नीट मोजण्याचाच वेळ आहे. नीट मोजायला वेळ लागतो हो. दोन वर्षांच्या आतलं लेकरू झोपवून लांबी घ्यायची, मोठं उभं करून, दोघींनी धरायचं, डोकं सरळ, टाचा टेकलेल्या, काटा शून्यावर आणलेला, अंगावरचे कपडे उतरवलेले. एक सेंटीमीटर इकडे-तिकडे झालं की लेकराचा रंग बदलतो, तीव्रचा मध्यम होतो. जन्मतारीख अंदाजे असेल तर उंचीचाही हिशोब बिघडतो.

आणि सगळ्यात जास्त मार खाल्लेली लेकरं तर त्या महिन्यात गावातच नसतात. मेळघाटातली धारणी-चिखलदऱ्याची कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर जातात ती होळीला येतात, आमच्याकडची काही घरं ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर. लेकरू सोबत. तिकडच्या अंगणवाडीत नाव नाही, इकडच्या अंगणवाडीत गैरहजर.

मग म्हणाल सर्वेक्षणावर विश्वास ठेवा. ते बऱ्यापैकी विश्वासाचं आहे, कारण मोजणारा बाहेरून येतो, त्याला तुमच्या लाल-हिरव्याशी घेणं नाही. पण त्याचीही मर्यादा आहे. महाराष्ट्रात पाचव्या फेरीत ३१,६४३ घरं घेतली, ३६ जिल्ह्यांना भागलं तर जिल्ह्याला ९०० च्या आत. त्यात एखाद्या कोलाम पोडावरची किती घरं आली असतील, कदाचित एकही नाही. कोलाम हा राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समाजांपैकी एक, त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना आली, घरं आणि रस्ते त्यात मोजतात, पोडावरच्या जेवणाचं काय. शिवाय ते काम जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झालं. जूनला ज्या गावात पथक गेलं आणि डिसेंबरला ज्या गावात गेलं त्यांची तुलना कशी करायची, ज्यांना वर आखाडाचं वाचून झालं त्यांना सांगायला नको. तरी सुद्धा या सर्वेक्षणाने एक गोष्ट स्वच्छ दाखवली जी आपण विसरायला नको, देशात बुटक्या लेकरांचं प्रमाण ३८.४ वरून ३५.५ वर आलं तेव्हा महाराष्ट्रात ते ३४.४ वरून ३५.२ झालं, आणि तीव्र वाळलेली लेकरं ९.४ वरून १०.९ टक्के. एवढं श्रीमंत राज्य. यावर विधानसभेत किती तास चर्चा झाली?

रक्ताचं पण सांगतो. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या रक्त कमी असलेल्या बाया ४८ वरून ५४.२ टक्के झाल्या, लेकरं ५३.८ वरून ६८.९. बोटातून थेंब घेऊन काढलेलं प्रमाण नसेतून घेतलेल्या रक्ताइतकं नेमकं येत नाही असं तज्ज्ञ म्हणतात, त्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे वेगळी पाहणी दिली आहे. चांगली गोष्ट आहे. फक्त विदर्भात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, किती आहे हे विसरू नका. इथे रक्त कमी दिसलं तर एका पोरीला पालेभाजी-गुळाची गरज असते आणि दुसरीला सिकलसेलच्या तपासणीची, लोहाच्या गोळ्या वाटून दुसरीचं काही होत नाही. दोघी एकाच टक्क्यात मोडतात.

काही विद्वान म्हणतात की आपली माणसं मुळातच बुटकी, जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मापं आपल्याला लागूच नाहीत. ती मापं सहा देशांतल्या चांगलं खाऊन-पिऊन वाढलेल्या लेकरांवरून काढली होती आणि त्यात आपल्या दिल्लीची लेकरं होती. ती बाकी देशांतल्या लेकरांएवढीच वाढली. पोटाला मिळालं की आपलं लेकरूही वाढतं. माप लहान करून आकडा सुधारायचा हा रस्ता मला बिलकुल मान्य नाही.

खरं मोजलं तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच विदर्भात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावागावात जन्म आणि मृत्यू नीट नोंदवले तेव्हा सरकारी कागदावर न येणारे कितीतरी बालमृत्यू समोर आले. त्यातून कळलं की लेकरं कधी आणि कशाने दगावतात, मग गावातल्याच बायांना शिकवून घरीच नवजात बाळाची काळजी सुरू केली, आणि बाळांचे मृत्यू निम्म्याच्याही खाली आले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, नंतर देशाने तो कार्यक्रम आशांच्या मार्फत उचलला. आधी आकडा वाईट दिसला म्हणून ते काम उभं राहिलं. आकडा वाईट दिसायची परवानगी पाहिजे. मृत्यूच्या दाखल्यावर तर भूक हे कारण कधीच नसतं, निमोनिया असतो, हगवण असते, ताप असतो, वाळलेल्या लेकराला तेवढं पुरतं.

माझी मागणी फार मोठी नाही. अंगणवाडीच्या ताई दर महिन्याला मोजतात ते त्यांच्या कामासाठी राहू द्या, कोणत्या लेकराकडे लक्ष द्यायचं हे कळायला, पण त्यावरून ना त्यांना नोटीस द्या ना देशाची प्रगती ठरवा. लाल लेकरू शोधून काढणाऱ्या ताईला शाबासकी मिळाली पाहिजे. देशाच्या प्रगतीसाठी वेगळी मोजणी करा, वर्षातून दोनदा, एकदा आखाड-श्रावणात आणि एकदा वेचणीनंतर, मोजायला दुसऱ्या तालुक्यातल्या नर्सिंग कॉलेजच्या मुली आणा, ज्यांचं त्या गावात काही अडलेलं नाही. सोबत ते आठ प्रश्न घरातल्या बाईला एकटीला विचारा, सासू आणि नवऱ्यासमोर नाही. एकट्या म्हाताऱ्यांना विचारा. परगावी गेलेल्या घरांची नोंद "गैरहजर" म्हणून सोडून देऊ नका, होळीला ते आले की मोजा. आणि जो आकडा निघेल तो २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवा, लेकरांची नावं न घेता. आज आमच्या गावात रस्त्यावर किती खर्च झाला ते फलकावर लिहिलेलं आहे, गावातली किती घरं श्रावणात एकवेळ जेवली हे सरपंचालाही माहीत नाही, आणि तरी देशाला गुण मिळतात.

तुमच्या पेपराकडून पण एक मागणं आहे साहेब. तुम्ही रोज पान चारवर बाजारसमितीचे भाव आणि धरणांचा पाणीसाठा तालुक्यासह छापता, आम्ही तो आधी वाचतो. त्याच्याच बाजूला महिन्यातून एकदा छोटा चौकोन द्या, आपल्या विभागातल्या प्रत्येक तालुक्यात तीव्र कुपोषित लेकरं किती नोंदली, किती भरती झाली, रेशनचे अर्ज किती प्रलंबित आहेत. माहिती अधिकारात हे मिळतं, पहिले अर्ज मी माझ्या खर्चाने टाकतो आणि उत्तरं आली की तुमच्या तालुका प्रतिनिधीला आणून देतो.

आपला नियमित वाचक,
एक सेतू केंद्रचालक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ
(नाव छापू नये ही विनंती)